थुंकीचं पेटंट

माझी नात रंजिता लग्न होऊन नवापूरला गेली ते २०२३ साल. जाताना तिने मला तिचा जुना टॅब दिला. मी साठीनंतर अक्षरं शिकलेला माणूस. त्यातल्या गोष्टीच्या पुस्तकाचं पान खऱ्यासारखं कोपऱ्यातून उचलून वळताना पाहिलं आणि सवयीने बोट जिभेला लावून ते उलटू लागलो.

रोज दुपारी मी बायकोला, धनुबाईला, एका राजाची गोष्ट वाचून दाखवायचो. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे साऱ्या सारंगखेड्यात मला विद्वान समजणारं ते एकच माणूस होतं. एक दिवस तिने अडवलं.

"राजा ते काल मरी गयथा ना? मंग आज जेवाले कसा बसना?"

राजे लोकांचं असंच असतं, असं मी ठोकून दिलं.

दिवाळीला रंजिता आली आणि माझं वाचन बघून हसत सुटली. ओल्या बोटाने चार-चार पानं पुढेमागे पळत होती आणि अक्षरं जुळवण्याच्या नादात मला पत्ताच नव्हता.

"आबा, पान वळायची ही नक्कल एका कंपनीने पेटंट घेऊन स्वतःच्या नावावर केलीय. थुंकी मात्र त्यांनी धरली नाही."

"मंग थुंकीनं पेटंट तुम्ही काढी ल्या," धनुबाई मला म्हणाली.

माझी विद्वत्ता तिथेच आटोपली. पण दुसऱ्या दुपारी तिनेच बोट पुसायला पदर पुढे केला. "पयलेपाईन वाचा." मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

राजा मरायला नऊ पानं उरली होती. धनुबाई २०२४ च्या फेब्रुवारीत, माघी पौर्णिमेला वारली.