हलकं ताट

ग्रॅम मावशींनी फ्रिजवरचा तक्ता काढला नव्हता. नवरा जाऊन आठ महिने झाले, त्याचे शर्ट देऊन झाले, चष्म्याचं दुकान रिकामं करून झालं, पण तक्ता जागच्या जागी. सकाळी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. दुपारी वाफवलेल्या भाज्या, दोनशे ग्रॅम. चार वाजता अर्धं सफरचंद. संध्याकाळी पातळ सूप, आणि सातनंतर तोंडाला कुलूप. त्याखाली मावशींच्या टपोऱ्या अक्षरात: 'फसवाफसवी चालणार नाही.'

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्या क्षार तोलून देत आल्या होत्या. कुणी चिमूटभर जास्त घेतलं की 'ठेव परत' म्हणायच्या. पोरांनी ग्रॅम मावशी हे नाव काही प्रेमाने ठेवलं नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. चष्मेवाल्या नवऱ्याच्या हृदयाची तक्रार निघाली आणि डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मग काय विचारता! त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं 'हलकं ताट' नावाचं पुस्तक घरात आलं, स्वयंपाकघरात छोटा काटा आला, न्हाणीघरापाशी मोठा काटा आला, आणि चष्मेवाले दर रविवारी त्यावर चढायला लागले. अकरा महिने चढले. एकदाही कुरकुरले नाहीत. आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना मोठ्या नणंदेने हंबरडा फोडला, "माझा भाऊ उपाशी गेला गं!"

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. ते वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं. दिवसभर क्षार तोलायचे, घरी येऊन दोन खुर्च्यांच्या टेबलाशी एकटीने जेवायचं, आणि घास उचलला की तेच. उपाशी गेला. नणंदेशी बोलणं तेव्हापासून बंद.

पण मावशी रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. माहीत नसलेली गोष्ट तपासून बघायची, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढलं. हा आहार केलेल्या लोकांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय तेही चष्मा पुसून पुसून वाचलं. कुणाला चौथ्या दिवशी चक्कर आली होती, कुणी नवऱ्याच्या अंगावर ताटली भिरकावली होती. पण पुस्तक छातीठोकपणे सांगत होतं की दहाव्या दिवशी भूक मरते. मरते म्हणजे मरतेच, लागतच नाही.

तेवढं एक खरं ठरलं तरी पुष्कळ होतं. भूक मेली असेल तर चष्मेवाले अकरा महिने उपाशी नव्हते. आणि मेली नसेल तर? तर नणंद खरं बोलली होती, आणि ते पाप मावशींच्या माथी.

त्यांनी सोमवारी सकाळी अंड्याचा बलक काढून टाकला आणि सुरुवात केली.

पहिले तीन दिवस त्यांना वाटलं, ह्यात काय मोठंसं! चौथ्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून प्रयोगशाळेच्या फरशीवर बरणी फुटली. आठव्या दिवशी शिपायाच्या डब्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकात लिहिलं होतं, भूक लागली की कोमट पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा. मावशी पाणी पीत होत्या, घड्याळाकडे बघत थांबत होत्या, आणि अकराव्या मिनिटाला पोटात कावळे दुप्पट जोराने ओरडत होते. हे सुद्धा असंच पाणी प्यायचे. ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "झालं! गेली भूक." आणि त्या शाबासकी द्यायच्या.

दहावा दिवस आला. भूक मेली नाही. अकरावा आला, बारावा आला. तेराव्या संध्याकाळी सुपाची वाटी समोर घेऊन त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "अहो, बोलायचं तरी होतं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" आणि मग टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. पोटभर झालेली तेवढी एकच गोष्ट.

खरं तर प्रयोग तिथेच संपला होता. पण नोंदी अर्ध्यावर सोडणं मावशींच्या रक्तात नव्हतं. तीन आठवडे पुरे करून रविवारी त्या काट्यावर चढल्या. साडेतीन किलो उतरलं होतं. साडेतीन! त्यांनी तक्त्याच्या कडेला आपलं वजन लिहिलं, आणि सहज नजर वर गेली तर तिथे नवऱ्याचे रविवार ओळीने उभे. पहिला चौऱ्याऐंशी. शेवटचा त्र्याऐंशी.

अकरा महिन्यांत एक किलो!

तेव्हाही त्यांनी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "माझी हाडंच जड आहेत, त्याला तू तरी काय करणार?" आणि मावशींनी, एवढ्या तोलून-मापून जगणाऱ्या बाईने, ते चक्क मान्य केलं होतं.

आता मात्र त्यांनी दहा बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत मोजून लिटरभर पाणी भरलं, आणि बादलीत ठेवून काट्यावर चढवल्या. आधी रिकाम्या बाटल्या बादलीसकट तोलून ठेवल्या होत्या. वाढ बरोबर दहा किलो. काटा खरा. वजन उतरतं हे पुस्तकाचं म्हणणंही खरं. मग उरलं कोण?

"लबाड!" मावशी न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी इकडेतिकडे बघितलं.

पण खायचे कुठे? घरी तर शक्यच नव्हतं, कपाटांच्या किल्ल्या मावशींकडे. विचार करता करता त्यांना चार वाजताचा फोन आठवला. रोज चारला ते दुकानातून फोन करायचे, "सफरचंद खाल्लं बरं का." आणि मागे काहीतरी टिंग वाजायचं. कसला आवाज, असं विचारलं की, "गिऱ्हाईक आलं." दुकानाचं दार तर कुरकुरायचं. त्याला घंटा कधी नव्हतीच.

सोमवारी दुपारी, नोकरीत पहिल्यांदाच लवकर सुटी मागून, मावशी त्या रस्त्याला गेल्या. चष्म्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. तिकडे बघवेना म्हणून त्यांनी पाठ फिरवली, आणि रस्त्यापलीकडे टिंग वाजलं. बेकरीचं दार होतं. दाराशेजारी एक लाकडी बाक.

बेकरीवाल्या बाईने मोबाइलमधला फोटो बघितला मात्र, तिचा चेहराच उजळला. "अगंबाई, चष्मेवाले काका! आहेत कुठे? मी महिनाभर गावी होते, परत आले तर दुकान बंद. वाटलं, गेले दुसरीकडे."

मावशींनी सांगितलं. बाईने हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "रोज चारला यायचे हो. दोन क्रीमबन."

"दोन?"

"एक माझा, एक तिचा, म्हणायचे. त्या बाकावर बसून आपला खायचे. मग दुसरा पिशवीत घालून उठायचे. चार पावलं जायचे की परत. बसायचे, पिशवी उघडायचे आणि तोही खाऊन टाकायचे. मी म्हटलं, काका, काकूंना नेत का नाही कधी? तर म्हणायचे, नेईन, एक दिवस नेईनच, आज जरा घरची हवा बरी नाही." बाई हसली, मग मावशींकडे बघून थांबली. "तुम्हीच का त्या?"

"मीच ती," मावशी म्हणाल्या. "दोन द्या."

बाकावर बसून त्यांनी आधी नणंदेला फोन लावला. आठ महिने उत्तर सुचलं नव्हतं, आता बेकरीच्या दारात अगदी आयतं मिळालं होतं.

"वन्सं, तुमचा भाऊ उपाशी गेला नाही. रोज दोन-दोन क्रीमबन हाणत होता."

पलीकडून फिस्सकन हसू. "मेला! लहानपणीही साखरेच्या डब्यात सापडायचा." हसता हसता नणंदेचा आवाज फुटला. "बरं झालं गं सांगितलंस. मी तुला नको ते बोलले."

जिंकल्या की मावशी! पण आनंद काही होईना. त्या समोरच्या कव्हरांच्या दुकानाकडे बघत राहिल्या. ह्याच बाकावर अकरा महिने एक माणूस एकटाच बसत होता, बायकोचा वाटा हातात घेऊन, तिच्याच धाकाने.

"अगं, आहेस ना? रडतेस कशाला आता? सुटलीस की."

"मला भूक लागलीय, वन्सं," मावशी म्हणाल्या. "आणि ह्यांनी मला एकदाही 'चल' म्हटलं नाही. म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती."

नणंदेने फोन ठेवला नाही. मावशींनी पहिला क्रीमबन खाल्ला. मग दुसरा पिशवीत घातला, उठल्या, बसस्टॉपच्या दिशेने चार पावलं गेल्या. घरी नेऊन द्यायचा कुणाला? त्या परत आल्या आणि बाकावर बसून पिशवी उघडली.