बांधावरची मोजणी

भगवानला पहिला संशय आला तो पाणसळीमुळे. विचुंबे गावातल्या त्यांच्या सामाईक जमिनीच्या तुकड्याच्या बांधावर धाकट्या भावाची, गणूची, पोरगी किशोरी उकिडवी बसली होती आणि गवंड्याची पातळी बघायची पाणसळ कसल्याशा पाइपावर ठेवून डोळा बारीक करून बघत होती. पाणसळ घर बांधताना लागते. आता इथे घर कोण बांधतंय?

जागा दहाच गुंठे. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. बाप जाऊन वीस वर्षं झाली, पण कुणाचं कुठवर, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. आजूबाजूला इमारती उठल्या, गावातले सख्खे भाऊ कोर्टात एकमेकांकडे पाठ करून बसायला लागले. आपल्याकडे तसलं काही नाही, हे भगवान चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

दुसऱ्या दिवशी पोरगी तो पाइप उभा धरून बांधावरून चालताना दिसली. पाइपाच्या टोकाला फिरती बेअरिंग, त्यावर फळी, फळीवर मोबाइल, आणि खाली वाकवलेल्या पट्टीला लोखंडी नटांचं वजन. गुडघे वाकवून, टाच टेकवून मग चवडा, अशी एकेक पाऊल टाकत ती टोकाला पोचली. मोबाइलमध्ये बघितलं, तोंड वाकडं केलं, एक नट काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"गण्या जागा मोजून घेतोय," तो घरी येऊन बायकोला, शकूला म्हणाला.

"काय बी बोलू नका. आपल्या कोमलच्या लग्नाचा व्हिडिओ काडायचा हाय किशोरीला. चालताना फोन हलू नये म्हनून घरीच केलंय ते."

"व्हिडिओला पानसळ कशाला? आन लग्न दारात लागनार का बांदावर?"

शकू कपाळावर हात मारून चुलीकडे वळली. म्हणजे बायकोलाही यांनी फितवलं, असं भगवानने ठरवून टाकलं. मग काय, सगळंच जुळायला लागलं. गणू हसला तरी लपवतोय, गप्प बसला तरी लपवतोय. फोन आला की अंगणात जाऊन बोलतोय. घरात रेंज नसते हे भगवानलाही माहीत होतं, पण त्या आठवड्यात ते त्याला आठवलं नाही.

सरळ विचारायचं तर दोन घरांमध्ये दहा पावलं. पण विचारलं आणि गणू खोटं बोलला तर? त्यापेक्षा रिक्षा करून तो हरकतीचा अर्ज द्यायला पनवेलला मोजणीच्या ऑफिसात गेला. बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याने विचारलं, भावाचा उद्देश काय लिहू? भगवान म्हणाला, "लिवा, परस्पर मोजून इकायला निगालाय." आणि खाली सही केली.

आठ दिवसांनी किशोरी धावतच आली. "काका, बगा, जमला एकदाचा!"

मोबाइलमध्ये तो बांध होता. जराही हिसका नाही, होडी संथ पाण्यात जावी तसा. मागून कोमलचा आवाज येत होता. या बांधावरून मी शाळेत जायचे, इथे पडले तेव्हा गणूकाकाने खांद्यावर घेऊन घरी आणलं.

"ताईचा हट," किशोरी म्हणाली. "सासरी न्यायचा हाय तिला."

"आन ती पानसळ?"

"फोन तिरका बसला तर अख्खा बांद तिरका दिसतो ना, काका."

भगवानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला कशाबशा पायात अडकवून त्याने पनवेल गाठलं. कारकुनाने अर्ज मागे घेतल्याची नोंद केली, शिक्का मारला आणि सहज सांगितलं, "प्रत मात्र गेली हो हिस्सेदाराला. परवाच."

तो परतला तेव्हा गणू त्याच्याच ओट्यावर बसला होता. मांडीवर कागद.

"चुकलो गणू. मागं घेतलाय मी त्यो."

"लग्नात हुबा ऱ्हाईन मी. कोमल माजी बी पोर हाय." गणूने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठला. "पन लग्न झाला का मोजनीवाल्याला बोलव, दादा. आता मोजल्याबिगर मना झोप नाय यायची."