आतली मेथड

नणंद-भावजयींना एका कंपनीत नोकरी देऊ नये, असा नियम कुणीतरी करायला हवा होता. या दोघी नुसत्या एका कंपनीत नव्हत्या, एकाच पंपावर काम करत होत्या. रोग्याच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप. त्याचा हिशेब करणारा प्रोग्राम भावजयीचा, नर्ससमोरचा स्क्रीन नणंदेच्या टीमचा.

भावजयीच्या प्रोग्राममधल्या एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका कप्प्यात, दोन मेथड होत्या, हाक मारली की ठरलेलं काम करणारे कोडचे दोन तुकडे. बाहेरची मेथड पलंगाला जोडलेल्या वजनकाट्याकडून रोग्याचं वजन मागवायची, मर्यादा तपासायची आणि मगच आतलीला हाक मारायची. आतली वजनावरून मात्रेचं नुसतं गणित करायची. वजन मिळालं नाही तर खुशाल साठ किलो धरायची. ही सोय भावजयीनेच चाचणीपुरती केली होती, आणि मेथडच्या नावाआधी एक अंडरस्कोर, तळाशी आडवी रेघ, लावला होता. म्हणजे ही घरातली गोष्ट, बाहेरच्यांनी हात लावू नये. पण प्रोग्रामची ती भाषा भलतीच मोकळी. विनंती करायची, अडवायचं मात्र कुणालाच नाही.

नणंदेच्या टीमने थेट आतलीलाच हाक मारली. काट्याची वाट बघण्यात सहा सेकंद जातात आणि नर्स कुरकुरतात, हे निमित्त.

"ताई, तो अंडरस्कोर काय शोभेला लावलाय?" भावजयीने भर मीटिंगमध्ये विचारलं.

"मग कुलूप लाव," नणंद म्हणाली. "घरी कपाटाला लावतेसच की."

भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोन अंडरस्कोर लावले. त्याने भाषा मेथडच्या नावाला क्लासचं नाव चिकटवते, एवढंच. दुसऱ्या दिवशी नणंदेने तशा पुऱ्या नावाने हाक मारली. मग भावजयीने पहारेकरी बसवला. हाक कुठल्या फाइलमधून आली ते तो बघायचा आणि परकी असली तर हाकलून द्यायचा. यात दोन आठवडे गेले. नणंदेने बाहेरूनच, एका ओळीत, पहारेकऱ्याच्या जागी काहीही न करणारं फंक्शन बसवलं आणि वर शेरा मारला, 'भुंकणं बंद केलं.'

"तपासणीच आत टाका ना," शेजारचा टेस्टर वैतागून म्हणाला. "साठ काढून टाका. मग कुणी का हाक मारेना."

"म्हणजे त्यांच्यासाठी पायघड्या घालू?" भावजय कडाडली. "धोका काढला की हक्काने वापरतील. चुकू देत एकदा. मग बघते."

टेस्टर पुन्हा आपल्या कामाकडे वळला. त्या दोघींमध्ये पडायची त्याची टाप नव्हती.

सोमवारी सकाळी पंप वापरणाऱ्या दवाखान्यातली मुख्य नर्स स्वतः येऊन थडकली. तिने स्क्रीनचा छापील फोटो टेबलावर आपटला.

"सात किलोंचं बाळ, आणि मात्रा साडेआठपट. माझ्या नर्सने कागदावर हिशेब करून पाहिला म्हणून पंप चालू झाला नाही. हे काम कुणाचं?"

"गणित हिचं," नणंद लगेच म्हणाली.

"आत त्या घुसल्या!"

"कोण कुठून घुसलं ते तुमचं तुम्ही बघा," नर्स म्हणाली. "वजनाशिवाय आकडा निघतो, हे कुणाला माहीत होतं?"

टेस्टर खाली बघू लागला. भावजयीला थाप मारता आली असती, पण फोटोतल्या त्या आकड्यावरून तिची नजर हलेना.

"मला," ती म्हणाली. "तीन आठवडे."

"दुरुस्तीला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं."

नर्सने खुर्ची ओढली. "करा. मी बसते इथेच."

भावजयीने साठ खोडले. वजन नसेल तर गणितच नाकारायचं, अशी ओळ आत घातली. स्वतःचीच किळस येत होती. तरी काम चार मिनिटांत झालं. नर्स उठून गेली.

"म्हणजे आता ती आम्ही वापरायला हरकत नाही ना?" नणंदेने विचारलं.

भावजयीने मान वर केली नाही.

"वापरा," ती म्हणाली.