‘ठेव’ म्हणेपर्यंत

वजन उचलण्याच्या स्पर्धेत सूनबाईनं त्र्याहत्तर किलोचा बार डोक्यावर नेला, कोपरं ताठ केली, पाय जुळवले आणि आनंदाच्या भरात पंचांची खूण व्हायच्या आधीच तो खाली टाकला. झालं! बाद. वर नेलं की खूण होईपर्यंत थांबायचं, हे त्या खेळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हातातोंडाशी आलेलं पदक अर्ध्या श्वासापायी गेलं ते गेलंच.

त्याला पाच आठवडे झाले. लाँड्रीच्या कामाआधी ती रोज सकाळी व्यायामशाळेत जायची, पण नावापुरतीच. प्रशिक्षकबाईंनी वजन पार चाळीस किलोवर आणलं होतं. “स्पर्धेनंतर सगळ्यांचंच अंग रुसतं,” त्या म्हणायच्या. “हलकं उचल, पण खाडा करू नकोस.” ते चाळीससुद्धा वर गेलं की हिच्या हातून बार धाडकन खाली. वजनाला ती भीत नव्हती. वर नेऊन थांबायला भीत होती.

एका सकाळी चपला घालता घालता ती सासूबाईंना म्हणाली, “आई, या महिन्यानंतर सोडून देणार आहे मी. पुरे झाली ही हमाली.”

सासूबाईंची तीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेली. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, जीभ मात्र अजून कामावर. “सोड की,” त्या म्हणाल्या. “पण आज मीही येते.”

तिथं बाकावर ऐसपैस बसून त्यांनी जाहीर केलं, “मी पंच. मी ‘ठेव’ म्हणेपर्यंत खाली आणायचं नाही. घरात कधी ऐकलं नाहीस, इथं तरी ऐक.”

बार वर गेला आणि लगेच आदळला. “बाद!” सासूबाई अशा ओरडल्या की सगळी व्यायामशाळा हसली.

“तुम्हाला काय कळतं हो यातलं?” सून चिडली.

“काही नाही कळत. ‘ठेव’ कधी म्हणायचं तेवढं कळतं.”

दुसऱ्या दिवशी बाद, तिसऱ्या दिवशी बाद. तरी म्हातारी कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत, रोज दोन जिने चढून येतच राहिली. आपल्यापायी त्या गुडघ्यांचे हाल होताहेत हे बघून सुनेला भरून यायचं. त्या संकोचानंच तिचा खाडा होईना.

नवव्या दिवशी बार वर गेला. कोपरं ताठ झाली. पाय जुळले. ‘ठेव’ काही येईना. एक क्षण, दोन, तीन.

“अहो आई, म्हणा ना!”

सासूबाई बाकावरून उठून पुढं आल्या होत्या, मान वर करून बघत होत्या.

“थांब गं जरा. बघू दे. स्पर्धेच्या दिवशी मी भीतीनं डोळेच मिटून घेतले होते. उघडेपर्यंत तू टाकलंही होतंस.”

सुनेनं एक लांब श्वास घेतला आणि कोपरं आणखी ताठ केली.

“बघा,” ती म्हणाली. “अगदी पोटभर बघा.”