ती गप्प झाली तेव्हा

मॅडमना काढलं, तेव्हा कॉलेजात 'काढलं' हा शब्द कुणी उच्चारला नाही. तब्येतीच्या कारणानं निवृत्ती, असंच सगळे म्हणत राहिले. मॅडमची तब्येत अशी होती, की साठी जवळ आली तरी सरावात त्या मुलींच्या पुढे पळायच्या.

मुख्य प्रशिक्षकाची त्यांची जागा ताईला मिळाली. ताई त्यांच्याच हाताखाली वाढलेली. आधी त्यांच्या बास्केटबॉल संघात खेळली, मग एका शाळेत पीटी शिकवत उन्हात रापली, आणि मग मॅडमनीच तिला सहायक म्हणून परत आणलं. अकरा वर्षं तिनं चेंडूंत हवा भरली, मुलींचे घोटे बांधले, बसमध्ये उलट्या करणाऱ्यांची डोकी धरली. एक दिवस मुख्य प्रशिक्षक व्हायचं, हे तिनं नवऱ्याशिवाय कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

क्रीडा संचालकांनी तिला केबिनमध्ये बसवलं. ते कधी आवाज चढवत नसत. लोकांना त्यांची भीती वाटायची ती त्यामुळेच.

"संघ तुमचा. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. "फक्त खांब कोर्टवर दिसली पाहिजे."

खांब म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. दारातून आत येताना सवयीनं मान वाकवायची. अंगानं ताडमाड आणि तोंडाला कुलूप नाही. कोर्टवरही तिची टकळी सुरूच असायची. "डावीकडे बघ गं! मी आहे मागे! अगं बये, चेंडू आहे तो, तान्हं बाळ नाही, सोड आता!" समोरच्या संघातल्या मुलीसुद्धा हसायच्या.

दोन महिन्यांपूर्वी ती सरावात कोसळली होती. उपाशीपोटी पळाली, दुसरं काय, असं कॉलेजचे डॉक्टर म्हणाले. मॅडमना ते पटलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात हृदय तपासून घेतल्याशिवाय हिला चेंडूला हात लावू देणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हंगाम संपला की तपासू, असं संचालक म्हणाले. त्यानंतर मॅडमची तब्येत बिघडली.

ताईला हे सगळं ठाऊक होतं. घरी तिनं विषय काढला, तर नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "डॉक्टरला कळत नाही आणि तुला कळतं? इतकी वर्षं ताटकळलीस. आता घास तोंडाशी आलाय, तर खडे शोधत बसू नकोस."

तरी ती मॅडमच्या घरी गेली. मॅडमनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"घेतलीस ना जागा?"

"तुम्ही नको म्हणालात तर..."

"मी नको म्हणाले तर दुसरी कुणी घेईल. खांबला खेळवणारच आहेत ते." मॅडम दार लावता लावता थांबल्या. "एक ध्यानात ठेव. पडायच्या आधी ती गप्प झाली होती. मी पाठमोरी होते, तरी मला कळलं. ती गप्प झाली, की विचार करत बसायचं नाही. बाहेर काढायचं."

हंगाम सुरू झाला आणि संघ जिंकत सुटला. पेपरात ताईचा फोटो आला. शेजारणी जिन्यात थांबवून बोलू लागल्या. कॉलेजनं पार्किंगमध्ये तिच्या स्कूटरला छताखालची जागा दिली. पण सामन्यात ताईचं लक्ष खेळावर राहिनासं झालं. गुणफलकाकडे पाहत असली, तरी कान एकाच आवाजावर असायचे. खांबची बडबड चालू असली की ताईचा श्वास चालू. पाणी प्यायला खांब थांबली, तरी ताई बाकावरून अर्धी उठायची.

"ताई, तुम्ही माझ्याकडे असं काय बघता?" खांबनं एकदा विचारलं. "माझ्या अंगावर पाल आहे का?"

"हॉस्पिटलात जाऊन एकदा तपासून येऊ या का गं आपण?"

"आणि त्यांनी खेळू नको म्हटलं तर?" खांब हसली, पण डोळे हसले नाहीत. "नकोच ते. आईला आत्ता कुठे माझं कौतुक वाटायला लागलंय."

ताईनं विषय सोडला. तिला तो सोडायचाच होता.

उपांत्य सामन्याला हॉल खच्चून भरला होता. ढोल, शिट्ट्या, पाय आपटणं. शेवटची काही मिनिटं उरली, दोन्ही संघ बरोबरीत. त्या गदारोळात ताईला काहीच ऐकू येईना, म्हणून ती खांबचं तोंड पाहत होती. आणि तिला दिसलं, की ते मिटलंय. खांब बास्केटखाली उभी होती, ओठ घट्ट, नजर कुठेच नाही.

ताई उठली. बदली खेळाडूकडे तिनं हात केला.

"ताई," मागच्या रांगेतून संचालक हळूच म्हणाले. "आत्ता नको."

सबंध हॉलच्या कल्लोळात तिला तेवढंच स्पष्ट ऐकू आलं. ती खाली बसली.

खांबनं उडी मारून चेंडू पकडला, पुढे फेकला, आणि उभ्या उभ्या घडी पडावी तशी जमिनीवर आली.

ताई धावली. छातीवर दोन्ही हात ठेवून ती दाबत राहिली. भिंतीवरचं झटका देणारं यंत्र कुणीतरी आणलं. दुसऱ्या झटक्याला खांबनं श्वास घेतला. अँब्युलन्स गेली, फरशी पुसली गेली, आणि उरलेला सामना खेळवण्यात आला. त्यांचा संघ जिंकला.

हॉस्पिटलात संचालकांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "ताईंनी पोरीला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं." खांबच्या आईनं ताईचे हात डोळ्यांना लावले. हृदयात जन्मापासून दोष होता. आता खेळ कायमचा बंद.

आई औषधं आणायला गेली, तेव्हा खांब पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, तुम्ही उठला होतात. मी बघितलं. मला वाटलं, सुटले बाई. मग तुम्ही बसलात का?"

ताईला खोटं सुचलंही होतं. तिनं ते गिळलं.

"मला बसायला सांगितलं, म्हणून."

खांबनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आई परत आली, तेव्हा ताईनं तिलाही सगळं सांगितलं, मॅडमनी बजावलं होतं तेही. आईनं औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जा इथून."

पुढे चौकशी बसली. ताईनं स्वतःची चूक कबूल केली आणि संचालकांचे शब्दही सांगितले. गोंगाटात आपण काही ऐकलं नाही, असं बाकीचे म्हणाले. सामन्यात बाकावर तिच्या शेजारी बसलेली तिची सहायकही तेच म्हणाली. बोलताना ती टेबलाच्या कडेकडे पाहत होती. ताईची नोकरी गेली, संचालक कॉलेजातच आणखी वरच्या पदावर गेले, आणि सहायक मुख्य प्रशिक्षक झाली.

ताई पुन्हा शाळेत पीटी शिकवू लागली. नवरा बोलून दाखवत नसे, पण ताट वाढताना भांडी जरा जोरानं ठेवायचा.

एका दुपारी, मुलं मैदानात असताना, त्या सहायकेचा फोन आला. चौकशीनंतर पहिल्यांदाच.

"ताई, रागावू नका. एक विचारायचं होतं." आवाज दबलेला. "नवी मुलगी आहे एक. फार गुणी आहे. काल सरावात तिला जरा... म्हणजे, ते म्हणतात काही नाही, पण..."

"पण काय? बोल."

पलीकडे दार वाजलं. कुणीतरी शांतपणे काहीतरी विचारलं. तो आवाज ताईनं ओळखला.

"कुणी नाही सर, घरचा फोन," सहायक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ताईनं उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा तो बंद लागला. तिनं मुलं दुसऱ्या बाईंच्या हवाली केली आणि मिळेल ती बस पकडली.

कॉलेजच्या फाटकावर जुनाच पहारेकरी होता. तो खुर्चीतून उठला. "ताई, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय हो. माझ्या पोटावर पाय येईल."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणून तुला विचारत नाहीये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पाठ करून तो झाडाखालच्या माठाकडे पाणी प्यायला गेला. आतून चेंडूंचा धपधप आवाज येत होता. सराव सुरू झाला होता. ताईनं फाटक ढकललं आणि ती पळत सुटली.