हवाई अंतर

मुरुमच्या महारुद्र पाटलांना प्रत्येक गोष्ट ताडून घ्यायची खोड. वांगी घेतली तरी शेजारच्या गाड्यावर पुन्हा तोलून बघणार. लेकीला, दीपालीला, हुबळीचं स्थळ आलं तेव्हा कोंडाबाई अडून बसल्या, "लई लांब हाय." महारुद्रांनी मोबाईलवर 'लातूर विमानतळ ते हुबळी विमानतळ' असं टाकलं. उत्तर आलं, साधारण एक तास.

"बघ! तुला उमरग्याला लुगडं बदलून आणायला याहून जास्त वेळ लागतो."

कोंडाबाई विरघळल्या. पुढं शेजारणींना सांगत सुटल्या, "आमची दीपाली तासाभरावर दिलीया."

डोहाळजेवण करून लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरत होतं, तेवढ्यात आज तिकडं तिचं बीपी चढलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन. फोनवर ती रडली आणि कोंडाबाई बोलून गेल्या, "भिऊ नको. तासात येते मी इमानानं."

महारुद्रांनी लातूरच्या पुतण्याला, कुमारला, तिकिटं काढायला सांगितलं.

"काका, इथनं प्रवासी विमान उडतच न्हाय."

"मग मोबाईल खोटं बोलतो व्हय?"

"तुम्ही अंतर इचारलं, त्यानं अंतर सांगितलं. उडालं तर तास लागंल. उडतंय का, हे कुठं इचारलं तुम्ही?"

जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासणारा माणूस काटा बघून भुलला होता. पारडं रिकामंच होतं.

जीप काढली. रस्त्यानं सात-आठ तास तरी. जळकोटजवळ जावई नंदीशचा फोन आला.

"मामा, ही आत जायलाच तयार न्हाय. आईला बघूनच जाते म्हणती. डॉक्टर म्हणायलेत, आता थांबणं दोघांनाही बरं न्हाय."

महारुद्रांनी गाडी कडेला घेतली. "खरं सांगून टाकतो तिला."

"आन् ती आठ तास हटून बसली तर? द्या इकडं." कोंडाबाईंनी फोन ओढून घेतला. बाजूनं एक ट्रक धडधडत गेला. "दीपे, आवाज येतोय का? इमानात बसलोय आमी. फोन बंद करा म्हणायलेत. तू जा आत, माझ्या बाई."

पलीकडून काहीतरी बारीकसं आलं. "व्हय गं, इमानाचाच आवाज. चालू झालं," कोंडाबाई म्हणाल्या, फोन कापून नवऱ्याच्या हातात दिला आणि आपला बंद केला. "तुमचा बी बंद करा."

"अगं, नंदीशनं काही कळवलं तर?"

"इमानात फोन लागतो व्हय? पोरगी बापावर गेलीया. लावून बघंल."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"तवा शिव्या देऊ दे की. शिव्या द्यायला शुद्धीवर तर येऊ दे."

महारुद्रांनी फोन बंद केला. तिकडं काय चाललंय ते कळायची वाट त्यांनी आपल्याच हातानं बुजवली होती. नळदुर्ग येईपर्यंत त्यांचा हात दोनदा खिशाकडं गेला. दोन्ही वेळा कोंडाबाई एवढंच म्हणाल्या, "समोर बघा."