बत्तीस अंशांखाली

होळी झाली, ऊन चढलं, आणि ऋजुताची मुलगी दुपारची लहान होऊ लागली.

लहान म्हणजे खरोखर लहान. सकाळी पाळण्यात लाथा झाडणारी सहा महिन्यांची गुटगुटीत दुर्वा ऊन डोक्यावर आलं की आकसायला लागायची, आणि उन्हं कलेपर्यंत आईच्या ओंजळीत मावेल एवढी उरायची. संध्याकाळी वारा सुटला, अंगावर ओलं फडकं टाकलं, की फुगून पुन्हा होती तेवढी. पहिल्या दिवशी मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी गळून पडली, मग पायातले वाळे, मग झबलंही. दुपटं तेवढं चिंब.

"सू केली असेल," जीजी म्हणाल्या. जीजी म्हणजे ऋजुताच्या सासूबाई.

ऋजुताने दुपटं नाकाशी नेलं. कसलाच वास नव्हता. गाळून घेतल्यासारखं स्वच्छ पाणी होतं ते.

तिला काय ते तिथंच कळलं. बाळंतपणाआधी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती हेच तर बनवत होती, पीएचडीसाठी: मायक्रोजेल. पाण्यात तरंगणारे मऊ कण, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. गार असले की पाणी पिऊन फुगतात आणि बाटली आरपार दिसते. बत्तीस अंशांच्या वर गेले की प्यालेलं सगळं पाणी टाकून देतात, मिटतात, आणि बाटली दुधासारखी पांढरी होते. दुर्वाही मिटली की पांढरीफटक पडायची.

आणि हे जळगाव. इथला उन्हाळा पंचेचाळिसाला टेकल्याशिवाय माघारी फिरत नाही. अजून तर चैत्रसुद्धा लागला नव्हता.

"काय सारखी टेप घेऊन मापू राहिली पोरीला?" जीजींनी विचारलं. "दर्जीण झाली का तू?"

"जीजी, ती कमी होतेय."

"उन्हाळ्यात पोरं वाळतातच, माय. तुझा नवरा तर लहानपणी वैशाखात दिसायचाच नाही."

हे जीजी इतक्या सहज म्हणाल्या की पुढे विचारायचा ऋजुताला धीर झाला नाही.

खरी पंचाईत उन्हाची नव्हतीच. उन्हाला पडदे होते, वाळ्याच्या ताट्या होत्या, कूलर होता. पंचाईत आईची होती. आईचं अंग सदतीस अंश. ऋजुताने उचललं की दुर्वा मिटायची. पदराखाली घेतली की दोन घोट पिते न पिते तोच तिचं डोकं लिंबाएवढं व्हायचं, ओठ सुटायचे, आणि प्यालेलं सगळं पाणी होऊन ऋजुताच्या मांडीवर उतरायचं. पोर उपाशी ती उपाशीच. आणि लोकेश, तिचा नवरा? त्याचा केळी पिकवायच्या चेंबरचा धंदा. दिवसभर सोळा अंशांच्या खोलीत कच्च्या केळ्यांचे क्रेट इकडचे तिकडे करून त्याचे हात माठासारखे गार. तो उचलायचा तेव्हा दुर्वा बोटभर वाढायची आणि खिदळायची.

"बापाची लाडकी गं माझी," तो म्हणायचा.

ऋजुता दारात उभी राहून बघायची. हात पाठीमागे बांधून.

शेवटी एका सकाळी, पोर अजून धड आकारात असताना, जीजींवर सोपवून ती स्कूटरने विद्यापीठात गेली. तिच्या मार्गदर्शक खर्चे मॅडम एक बाटली उजेडाकडे धरून उभ्या होत्या.

"मॅडम, कण बत्तिसाला मिटायला नको असतील तर? सदतिसालाही फुगलेलेच हवे असतील?"

"बनवतानाच पाणी धरून ठेवणारं काहीतरी जास्त घालायचं. हे तुला मी सांगायचं?"

"आणि बनवून झाले असतील तर?"

"मग झालं. बनलेल्यात काही घालता येत नाही." मॅडमनी बाटली हलवली. "बाळ कसं आहे?"

"त्याच्याबद्दलच विचारतेय."

"हं." मॅडम दचकल्याबिचकल्या नाहीत. "माझा मुलगा चाळिसाला मिटायचा. मला त्रास पडला नाही. कण बदलत नसतो, ऋजुता. भोवताल बदल."

येताना सगळ्या रस्त्याने ती हेच घोळवत होती. भोवताल म्हणजे काय? पडदे, कूलर, फरशी. आणि मग रेल्वे फाटकापाशी थांबली असताना तिच्या लक्षात आलं की पोरीचा सगळ्यात जवळचा भोवताल ती स्वतःच आहे.

घरी आली तर खिडक्या बंद. खोलीत ओव्याचा धूर कोंडलेला. पाळण्याखाली शेगडी.

"शिंकली दोनदा," जीजी म्हणाल्या. "म्हटलं शेक देऊन टाकावा. तुमचं आजकालचं काही खरं नाही, पोरांना शेकच देत नाही तुम्ही. बघ कशी गुपचूप झोपली."

पाळण्यात कोणी नव्हतं. झबलं होतं, टोपडं होतं, आणि गादीतून टपटप पाणी गळत होतं, इतकं की निम्मी शेगडी विझली होती. ऋजुताने दुपट्याची एकेक घडी उलगडली. शेवटच्या घडीत साबुदाण्याएवढा पांढरा दाणा होता. नीट बघितलं की त्याला मिटलेले डोळे होते.

बोट लावायची सोय नव्हती. श्वास सोडायचीही नव्हती. तिने दम रोखून फिरकीच्या डब्यात माठातलं पाणी घेतलं आणि दुपट्याचं टोक अलगद त्यात झटकलं.

"पाण्यात काय टाकलं?" जीजींनी विचारलं.

"दुर्वा."

"मग फिरकी घट्ट लाव. सांडशील."

ओल्या नॅपकिनात गुंडाळलेला डबा स्कूटरवर दोन्ही पायांच्या मधे ठेवून ती निघाली. दुपारची रस्त्यात माणसं नव्हती. किंवा असतील, आणि दिसत नसतील. बंद दुकानाच्या पायरीवर एक सदरा-पायजमा बसल्यासारखा पडला होता, खाली पाण्याचं थारोळं. चौकात एक रिक्षा उभी होती, मीटर चालू, पुढची सीट ओली. ऋजुताने बघून न बघितल्यासारखं केलं. नॅपकिन गावाबाहेर पडेपर्यंत कोरडा खडखडीत झाला. डब्याला मात्र तिने हात लावला नाही, घोटेसुद्धा लांब धरले.

चेंबरचं जाडजूड दार लोकेशने उघडलं आणि लगेच ओढून घेतलं. "लवकर गं, माल बिघडतो."

"फिरकी काढ. तू काढ, माझे हात तापलेत."

त्याने झाकण काढलं. दुर्वा बोराएवढी झाली होती, बघता बघता पेरूएवढी. डब्याच्या तोंडात अडकणार एवढ्यात लोकेशने तिला वर काढली. डबा कोरडा होता, सगळं पाणी तिने पिऊन टाकलं होतं. तिने डोळे उघडले आणि चांगलं भोकाड पसरलं.

"घे."

"थांब अजून," ऋजुता म्हणाली, आणि दोन्ही तळवे लोखंडी रॅकला लावून बसली.

बाहेर ट्रक लागला होता. लोकेशने पोरीला रिकाम्या क्रेटमध्ये गोणपाटावर ठेवली आणि दार लावून गेला. हिरव्यागार केळ्यांच्या भिंती, पंख्याची घरघर, भिंतीतून पाझरणारा दमट गारवा. ऋजुताने पदर काढून बाजूला ठेवला, थंडी आत येऊ दिली. दात वाजले, मग वाजायचे थांबले. ओठांची जाणीव गेली. हातातल्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या. तिने एक काढायचा प्रयत्न केला, निघेना. बोटं भरून आली होती, मऊ, टपोरी. रक्त गोठत असेल, तिला वाटलं. असू दे.

मग तिने दुर्वाला उचललं.

काहीच झालं नाही. पोर मिटली नाही. मानेशी नाक खुपसून तिने दूध शोधलं, तिला ते सापडलं, आणि ती पीत राहिली, पीत राहिली, शेवटपर्यंत. होळीपासून पहिल्यांदाच तिचं पोट भरलं. ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी आलं तेही गार होतं.

पण दुर्वा भरल्यावर थांबली नाही. वर्षाएवढी झाली, शाळेत जाईल एवढी झाली, आईच्या मांडीत मावेना म्हणून आईलाच मांडीवर घेऊन बसली. आणि जसजशी वाढली तसतशी निवळत गेली. तिच्या छातीतून पलीकडची केळी दिसायला लागली, घड न् घड. ऋजुताने घाबरून तिच्या गालाशी तोंड नेलं. श्वास लागला तिथे एक पांढरा ठिपका उठला, तिळाएवढा, आणि विरून गेला. एवढ्याच खुणेवर पोर कुठे आहे ते कळत होतं.

"इथंच बसू आपण," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना सांगू, जेवण आत द्या."

पंख्याची घरघर थांबली.

"ऋजू!" बाहेरून लोकेशची हाक आली. "लाईट गेली गं. जनरेटर पण उचलत नाहीये. बाहेर ये."

"दार उघडू नकोस!"

"अगं, पिकत्या केळ्यांची वाफ असते आत, जीव गुदमरेल. पोरीला घे नि ये."

"लोकेश, तुला माझी शपथ आहे, उघडू नकोस!"

अंधारात केळी पिकायला लागली होती. पिकताना केळं गरम होतं, हे लोकेशनेच तिला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. चारी भिंतींतून ऊब येत होती, शेकासारखी, गोड वासाची. दुर्वाचे न दिसणारे हात तिच्या गळ्याभोवती घट्ट झाले.

कडी सरकली. फटीतून उन्हाची एक रेघ आत आली आणि अंधारात, जिथं काहीच नव्हतं तिथं, एका लहान खांद्यावर पांढरी रेघ उमटली.

ऋजुताने मधे हात धरला.

ऊन तिच्या हातावर पडलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात दुधासारखा पांढरा होत गेला, कोपरावरून पाणी ठिबकू लागलं, स्वच्छ, बिनवासाचं, आणि मघाशी निघत नसलेल्या बांगड्या एकेक करून फरशीवर पडल्या.